बाकीचे जीबी गेले कुठे?

५०४ एमबी. २ जीबी. ७.८ जीबी. ३१.५ जीबी. १२८ जीबी. २ टीबी.

हे आकडे ओळखीचे वाटतात का? ज्यांनी गेल्या तीसेक वर्षांत कधी ना कधी स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर फॉरमॅट केलाय, त्यांना यातला निदान एक तरी नक्की भेटला असेल. प्रसंग साधारण सारखाच असतो. मशीन स्लो झालं म्हणून, व्हायरस शिरला म्हणून किंवा नवी डिस्क आणली म्हणून आपण ऑपरेटिंग सिस्टिम पुन्हा टाकायला बसतो. सीडी आत जाते, निळा स्क्रीन येतो, पार्टिशनांची यादी दिसते आणि आपण चक्रावतो. डिस्कवरच्या लेबलवर १६० लिहिलंय, इथे १२८ दिसतायत. बाकीचे गेले कुठे?

मग सल्ले सुरू होतात. एक म्हणतो डिस्क बॅड आहे, बदलून आण. दुसरा म्हणतो दुकानदारानं गंडवलं. तिसरा म्हणतो, "अरे पुन्हा एकदा फॉरमॅट मार, येईल." यातला तिसरा सल्ला सगळ्यात धोक्याचा. का ते पुढे येईलच.

वरच्या यादीतला एकही आकडा अपघातानं आलेला नाही. प्रत्येकामागे कुणीतरी, कुठल्यातरी साली "एवढे बिट पुरेत" म्हणून घेतलेला निर्णय आहे. पुरातत्त्ववाले मातीचा थर बघून काळ सांगतात ना, तसं डिस्क कुठल्या आकड्यावर अडली ते बघून ती कोणत्या सालच्या निर्णयावर आपटली हे सांगता येतं. जागा डिस्कवर असतेच. तिचा पत्ता लिहायला फॉर्मवर रकाना उरलेला नसतो, एवढंच.

तर आज या थरांबद्दल. थोडं गणित येईल, पण गुणाकाराच्या पलीकडचं नाही.

हजार की एक हजार चोवीस?

आधी सगळ्यात साधा प्रकार उरकून टाकू, कारण इथे खरं तर काहीच हरवलेलं नसतं. १ टीबीची डिस्क लावली की विंडोज ९३१ जीबी दाखवतं. ५०० ची ४६५ होते, १६० ची १४९. हा दोन वेगवेगळ्या मापांचा घोळ आहे.

डिस्क बनवणारे पहिल्यापासून दशमान पद्धतीत मोजत आले. १९५६ मध्ये आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क आणली, रॅमॅक नावाच्या यंत्रासोबत. २४ इंची ५० तबकड्या, आणि त्यात मावायची ५० लाख अक्षरं. सरळ ५० लाख. मेमरीवाल्यांचं गणित वेगळं. तिथे पत्त्याची एक तार वाढवली की जागा दुप्पट होते. १० तारा म्हणजे १०२४ जागा. १०२४ हे हजाराच्या अगदी जवळ, म्हणून त्यालाच 'किलो' म्हणायची सवय लागली. त्या काळी फरक किती? दोन-अडीच टक्के. कोण बघतंय!

पण हा फरक चक्रवाढ व्याजासारखा वाढतो. केबीला २.४ टक्के, एमबीला ४.९, जीबीला ७.४ आणि टीबीला जवळपास १० टक्के. विंडोज मोजतं १०२४ च्या हिशेबानं आणि पुढे लिहितं मात्र 'जीबी'. १९९८ मध्ये आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं १०२४ वाल्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली. नावं इतकी गमतीशीर की दुकानात जाऊन "५०० गिबीबाइटची डिस्क द्या" म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय :-)

दोन्ही मापांची खिचडी बघायची असेल तर १.४४ एमबीची फ्लॉपी आठवा. तिच्यात १४४० केबी मावायचे, हे केबी १०२४ बाइटचे, पण त्यांचे एमबी करताना भागलं मात्र १००० नं. म्हणजे तो एमबी ना इकडचा ना तिकडचा.

अमेरिकेत यावरून लोक कोर्टात गेले. २००३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये अॅपल, डेल, एचपी, आयबीएम, सोनी अशा मोठ्या कॉम्प्युटर कंपन्यांवर खटला झाला. २००६ मध्ये वेस्टर्न डिजिटलनं अशाच दाव्यात तडजोड करून ग्राहकांना बॅकअपचं सॉफ्टवेअर फुकट देऊ केलं. २००७ मध्ये सीगेटनं ५ टक्के रक्कम किंवा सॉफ्टवेअर, असा पर्याय दिला. अॅपलनं २००९ च्या स्नो लेपर्डपासून सरळ दशमान पद्धतीत मोजायला सुरुवात केली आणि मॅकवरचा हा प्रश्न संपला. विंडोजनं काही सवय सोडली नाही.

तेव्हा पहिला नियम: लेबलवरच्या जीबीला १.०७४ नं भागा. उत्तर स्क्रीनवरच्या आकड्याशी जुळलं तर डिस्क ठणठणीत आहे, दुकानदारही प्रामाणिक आहे. जुळलं नाही तर पुढे वाचा.

विंग, मजला, फ्लॅट

आयबीएमनं पीसी एक्सटी आणला मार्च १९८३ मध्ये. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती. त्याआधीच्या १९८१ च्या पीसीत फ्लॉपी होती आणि चक्क कॅसेट लावायची सोय होती. एक्सटीसोबत डॉस २.० आलं आणि त्याच्याबरोबर आलं पार्टिशन टेबल. या टेबलाकडे आपण शेवटी परत येणार आहोत.

डिस्कवरची सगळ्यात छोटी जागा म्हणजे सेक्टर, ५१२ बाइटचा. कुठल्याही सेक्टरपर्यंत पोचायला तेव्हा तीन गोष्टी सांगाव्या लागत: सिलिंडर, हेड आणि सेक्टर क्रमांक. एखाद्या मोठ्या हाउसिंग सोसायटीचा पत्ता समजा. विंग, मजला, फ्लॅट. बायोसला हा पत्ता प्रोसेसरच्या छोट्या छोट्या खणांत भरून द्यायचा होता. मजल्यासाठी पूर्ण ८ बिट मिळाले, म्हणजे २५६ मजले. विंगसाठीही ८ बिट होते, पण ते कमी पडतील असं वाटलं म्हणून फ्लॅटच्या ८ बिटांतले दोन उसने घेतले. विंगला झाले १० बिट म्हणजे १०२४, फ्लॅटला उरले ६. फ्लॅटची मोजणी १ पासून सुरू होते, म्हणून ६४ ऐवजी ६३.

१०२४ गुणिले २५६ गुणिले ६३ गुणिले ५१२. उत्तर येतं साधारण ८.४ जीबी. समोर १० एमबीची डिस्क असताना ८०० पटींहून मोठ्या डिस्कची सोय करून ठेवणाऱ्याला अदूरदर्शी कसं म्हणणार? आपल्यापैकी किती जण आज लिहीत असलेल्या सिस्टिममध्ये ८०० पट वाढीची जागा ठेवतात?

घोटाळा झाला तो दुसऱ्या फॉर्ममुळे. १९८४ मध्ये पीसी एटी आला. त्याच्या डिस्क कंट्रोलरनं पत्त्याचे बिट वेगळ्या तऱ्हेनं वाटले: विंगला १६ बिट, मजल्याला फक्त ४, फ्लॅटला ८. एकूण २८ बिट. हीच वाटणी पुढे आयडीई म्हणजेच एटीए डिस्कमध्ये उतरली. हा फॉर्म एकट्यानं भरला तर १३७ जीबीपर्यंत पोचतो.

पण फॉर्म दोन्ही भरायचे होते. डॉस बायोसला पत्ता सांगणार, बायोस डिस्कला. सोसायटीच्या ऑफिसचा फॉर्म म्हणतो विंग १०२४ च्या आत हवी, कुरिअरवाल्याचा फॉर्म म्हणतो मजला १६ च्या आत हवा. मग दोघांनाही चालतील असेच पत्ते उरतात: १०२४ विंग, १६ मजले, ६३ फ्लॅट. गुणाकार करा. ५२,८४,८२,३०४ बाइट. १०२४ च्या हिशेबात बरोब्बर ५०४ एमबी.

गंमत बघा. एका टीमनं ८.४ जीबीची सोय केली, दुसरीनं १३७ जीबीची. दोघी एकत्र आल्या आणि हाती आले ५०४ एमबी. ज्यांनी दोन टीमच्या एपीआय जोडल्यात त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

दुभाषी बायोस

१९९३-९४ च्या सुमारास ५०४ एमबीपेक्षा मोठ्या डिस्क सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या आणि ही भिंत लोकांना लागायला लागली. त्यावर निघालेला तोडगा म्हणजे अस्सल जुगाड. बायोसनं दुभाष्याचं काम सुरू केलं. डिस्क म्हणते माझ्याकडे २००० विंग आणि १६ मजले आहेत. बायोस डॉसला सांगतो, १००० विंग आणि ३२ मजले आहेत. गुणाकार तोच, दोघंही खूश. जुन्या बायोसच्या सेटअपमध्ये डिस्कसमोर नॉर्मल, लार्ज, एलबीए असे पर्याय यायचे ते याचसाठी. एलबीएमध्ये तर विंग-मजल्याची भानगड डिस्कपुरती संपवून टाकली. प्रत्येक सेक्टरला सरळ एक क्रमांक, शून्यापासून.

ज्यांचा बायोस जुना, त्यांच्यासाठी ऑनट्रॅक डिस्क मॅनेजर किंवा ईझी-ड्राइव्ह अशी सॉफ्टवेअर मिळायची. ती डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरवर बसायची, आधी स्वतः चालू व्हायची आणि मग दुभाष्याचं काम करायची.

पुन्हा इन्स्टॉल करताना गोची व्हायची ती इथे. तुम्ही फ्लॉपीवरून मशीन चालू केलं की पहिल्या सेक्टरवरचा दुभाष्या जागाच व्हायचा नाही. डिस्क अर्धवट किंवा भलतीच दिसायची. किंवा एका मशीनमधली डिस्क काढून दुसऱ्यात लावली आणि तिथे सेटिंग लार्जऐवजी एलबीए असलं, तर त्याच डेटाचा पत्ता दुभाष्या वेगळा सांगायचा. डेटा जागच्या जागी आणि पार्टिशन मात्र कचरा. अशा वेळी "डिस्क उडाली" म्हणून फॉरमॅट मारणाऱ्यांनी किती प्रोजेक्ट रिपोर्ट आणि किती दुकानांचे हिशेब स्वतःच्या हातानं पुसले असतील!

दुभाष्यालाही मर्यादा होतीच. वरच्या बाजूला ८.४ जीबीचा मूळ फॉर्म तसाच होता. त्यात डॉसला पूर्ण २५६ मजले झेपायचे नाहीत, २५५ च चालायचे. म्हणून स्क्रीनवर आकडा दिसायचा ७.८ जीबी. १९९५ च्या सुमारास बायोससाठी नवा फॉर्म तयार झाला, त्यात सेक्टरच्या क्रमांकासाठी तब्बल ६४ बिट ठेवले. ज्यांचे मदरबोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम दोन्ही हा नवा फॉर्म वाचू शकत, ते सुटले. बाकीचे ७.८ वर अडले.

फॅटचे क्लस्टर आणि एक विसरलेला जंपर

याच काळात वरच्या मजल्यावर, म्हणजे फाइल सिस्टिममध्ये, वेगळेच थर साचत होते. डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्या एका पार्टिशनमधले सेक्टर १६ बिटांत मोजायच्या. ६५,५३६ गुणिले ५१२ म्हणजे ३२ एमबी. १९८७-८८ मध्ये ही भिंत पडली. पण फॅट १६ मध्ये क्लस्टरची संख्या १६ बिटांतच राहिली. क्लस्टर मोठ्यात मोठा ३२ केबीचा. म्हणून पार्टिशन मोठ्यात मोठं २ जीबीचं.

इथे जागा दोन तऱ्हेनं गायब व्हायची. २ जीबीच्या वरची तर दिसायचीच नाही, आणि जी दिसायची तीही आतून पोखरलेली. एक केबीची टेक्स्ट फाइल ठेवली तरी पूर्ण ३२ केबीचा क्लस्टर अडायचा. सरासरी प्रत्येक फाइलमागे अर्धा क्लस्टर वाया जातो असं धरलं, तर १०,००० फाइलींमागे दीडशेहून जास्त एमबी नुसते हवेत. एका माणसासाठी अख्खी एसटी बुक करण्यासारखं.

१९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीसोबत फॅट ३२ आलं आणि हा त्रास बराच कमी झाला. पण ती आवृत्ती फक्त नव्या मशीनसोबत मिळायची, सुटी विकत मिळायची नाही. त्यामुळे कपाटातली मूळ विंडोज ९५ ची सीडी काढून इन्स्टॉल करायला बसलात, की तिला फॅट ३२ चं पार्टिशन ओळखताच यायचं नाही.

३१.५ जीबीचा आकडा १९९९ च्या आसपासचा. काही बायोसमध्ये सिलिंडरची संख्या ६५,५३५ च्या पुढे गेली की मशीन चालू होतानाच गपगार व्हायचं. त्यावर डिस्कवाल्यांनी उपाय दिला तो म्हणजे डिस्कच्या पाठीमागे एक जंपर. तो लावला की डिस्क स्वतःच "मी ३२ जीबीची आहे" असं खोटं सांगायची. पुढे ती डिस्क नव्या मशीनमध्ये जायची आणि जंपर तसाच राहायचा. ८० जीबीची डिस्क ३२ ची दिसत असेल तर आधी मागे वळून जंपर बघावा, हे त्या काळच्या हार्डवेअरवाल्यांना तोंडपाठ होतं.

आणि विंडोज ९८ चं एफडिस्क! ते एमबीची संख्या १६ बिटांत धरायचं. ६५,५३६ एमबी झाले की पुन्हा शून्यापासून. ८० जीबीची डिस्क असते ७६,३१९ एमबीची. त्यातून ६५,५३६ वजा केले की उरतात १०,७८३. म्हणजे कोरी करकरीत ८० ची डिस्क एफडिस्कला १० जीबीची वाटायची. मायक्रोसॉफ्टनं नंतर दुरुस्त केलेलं एफडिस्क दिलं, पण जुन्या बूट फ्लॉपीवर जुनंच राहिलं.

१२८ जीबी: सगळ्यात महागात पडलेला थर

आता मघाच्या त्या १६० च्या डिस्ककडे.

१९८४ चे ते २८ बिट आठवतायत? विंग-मजला जाऊन सरळ क्रमांक आले, तरी क्रमांक लिहायला बिट होते तेच २८. म्हणजे २६,८४,३५,४५६ सेक्टर. बाइटमध्ये १,३७,४३,८९,५३,४७२. लेबलच्या भाषेत १३७ जीबी, विंडोजच्या भाषेत १२८. ज्या निर्णयानं १९९४ मध्ये ५०४ एमबीवर अडवलं होतं, तोच निर्णय सात-आठ वर्षांनी दुसऱ्या दारातून परत आला.

२००१ मध्ये मॅक्सटरनं १६० जीबीची डिस्क आणली. त्याच सुमारास पत्ता २८ वरून ४८ बिटांवर नेण्याचं ठरलं आणि २००२ च्या एटीए-६ मानकात ते अधिकृत झालं. पण विंडोज एक्सपी बाजारात आलं ऑक्टोबर २००१ मध्ये. मूळ एक्सपीत ४८ बिटांची सोय चालू नव्हती. ती आली सर्व्हिस पॅक १ सोबत, सप्टेंबर २००२ मध्ये. विंडोज २००० ला तर सर्व्हिस पॅक ३ टाकून वर रजिस्ट्रीत 'एनेबल बिग एलबीए' नावाची नोंद हातानं करावी लागायची.

दहा-अकरा महिन्यांची ही फट. पण एक्सपीची सीडी एकदा घरात आली की ती वर्षानुवर्षं चालायची. २००६-०७ मध्येही लोक २००१ ची सीडी घालून इन्स्टॉल करत होते. १६० च्या डिस्कवर त्यांना १२८ दिसायचे. ३२ गेले कुठे? त्यातले ११ मापाच्या फरकाचे, ते कधी नव्हतेच. उरलेले २१ खरोखर डिस्कवर होते, पण २८ बिटांच्या पलीकडे.

कोऱ्या डिस्कवर हे घडलं तर नुकसान काही नाही. १२८ च्या आत एक पार्टिशन करा, विंडोज टाका, सर्व्हिस पॅक टाका, मग उरलेल्या जागेत दुसरं पार्टिशन करा. किंवा सर्व्हिस पॅक आधीच मिसळलेली सीडी बनवून घ्या. झालं काम.

भीती होती ती भरलेल्या डिस्कची. आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनची रचना आठवा. सी मध्ये विंडोज, डी मध्ये गाणी-सिनेमे, ई मध्ये 'महत्त्वाचं'. ई मध्ये लग्नाचे फोटो, बाळाच्या बारशाचे फोटो, आजोबांचा पंच्याहत्तरीचा व्हिडिओ. फॉरमॅट करायला येणारा मुलगा दर वेळी एकच आश्वासन द्यायचा: "काकू, फक्त सी मारतो. डी-ई ला हात पण लावत नाही." तो अगदी मनापासून बोलत असायचा. पण ई पार्टिशन असतं डिस्कच्या शेवटी. १२८ ची रेघ नेमकी त्याच्या पोटातून जाते.

आता समजा आधीचं विंडोज सर्व्हिस पॅकवालं होतं आणि नवं टाकलेलं मूळ सीडीवरचं. पार्टिशन टेबल सांगतंय ई १४९ पर्यंत आहे. ड्रायव्हरला पत्ता लिहायला २८ च बिट आहेत. वरचे बिट गळून पडले तर काय होतं? जुन्या स्कूटरच्या मीटरचं व्हायचं तेच. ९९,९९९ नंतर ००,०००. ई च्या शेवटच्या भागात लिहायला गेलेला फोटो जाऊन पडतो डिस्कच्या सुरुवातीला, म्हणजे सी वर, कदाचित खुद्द पार्टिशन टेबलावर. आणि वाचायला गेलं तर फोटोच्या जागी विंडोजच्या फाइलींचे तुकडे येतात. १३७ जीबीच्या पुढे अशा अर्धवट अवस्थेत डेटा खराब होऊ शकतो, असा इशारा मायक्रोसॉफ्टनं विंडोज २००० च्या संदर्भात दिलेला होता.

इथपर्यंतही फोटो शाबूत असतात, हे लक्षात घ्या. नुसतं वाचून त्यांना काही होत नाही. घात होतो तो पुढच्या पायरीला. मशीन चालू होताना चेक-डिस्क येतं, त्याला ई मध्ये गोंधळ दिसतो आणि ते इमानदारीत 'दुरुस्ती' करायला घेतं. किंवा कुणीतरी म्हणतं, "पुन्हा एकदा फॉरमॅट मार, येईल." सुरुवातीला मी त्या सल्ल्याला धोक्याचा म्हटलं ते यासाठी. पत्ता चुकीचा असताना केलेली दुरुस्ती दुसऱ्याच्या घरात जाऊन भिंती पाडते.

म्हणून दुसरा नियम: आकडा ओळखू येईपर्यंत डिस्कवर काहीही लिहायचं नाही. फॉरमॅट, दुरुस्ती, नवं पार्टिशन, काहीही नाही.

२ टीबी आणि १९८३ चं टेबल

आता पार्टिशन टेबलाकडे परत. १९८३ मध्ये १० एमबीच्या डिस्कसाठी बनवलेल्या या टेबलात पार्टिशनची सुरुवात आणि लांबी लिहायला ३२-३२ बिट आहेत. ३२ बिट सेक्टर गुणिले ५१२ म्हणजे लेबलच्या भाषेत २.२ टीबी, विंडोजच्या भाषेत २. एक्सटीच्या डिस्कच्या दोन लाख पट! हा थर सत्तावीस वर्षं कुणाला लागलाच नाही. २०१० मध्ये ३ टीबीच्या डिस्क आल्या आणि लागला.

३ टीबीची डिस्क जुन्या टेबलावर टाकली की २ टीबी वापरता येतात आणि ७४६ जीबी नुसते दिसतात, हाताला लागत नाहीत. काही जुन्या ड्रायव्हरांवर तर उलटं व्हायचं. मीटर फिरून शून्यावर यायचं आणि अख्खी डिस्कच ७४६ जीबीची दिसायची. उपाय म्हणजे जीपीटी हे नवं टेबल, ज्यात ६४ बिट आहेत. पण जीपीटी डिस्कवरून विंडोज चालू करायला मदरबोर्डवर यूईएफआय लागतं. म्हणून विंडोज टाकताना पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीनं बूट केला की डिस्क पुन्हा २ टीबीवर अडू शकते.

आजच्या मशीनवर जागा 'गायब' होण्याची कारणं बरीचशी निरुपद्रवी आहेत. जुनं विंडोज न पुसता नवं टाकलं की 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर जागा अडवून बसतो. लॅपटॉपवाल्यांनी सीडी देणं बंद केल्यापासून रिकव्हरीचं लपवलेलं पार्टिशन असतं. २०१९ पासून विंडोज १० नं अपडेटसाठी ७ जीबीच्या आसपास जागा राखून ठेवायला सुरुवात केली. हायबरनेशनची फाइल वेगळीच. ही सगळी जागा शोधली की सापडते.

आकडा बघा, साल ओळखा

लेबलच्या जवळपास ९३ टक्के दिसतात (टीबीत मोजलं तर ९१): मापाचा फरक. काही करू नका.
५०४ एमबी: १९८३ आणि १९८४ चे दोन फॉर्म. बायोसमध्ये एलबीए.
२ जीबी: फॅट १६.
७.८ जीबी: १९८३ चा बायोस फॉर्म.
३१.५ जीबी: जुना बायोस, किंवा विसरलेला जंपर.
८० ची डिस्क १० ची: विंडोज ९८ चं एफडिस्क.
१२८ जीबी: सर्व्हिस पॅक नसलेलं एक्सपी किंवा २०००. डिस्क भरलेली असेल तर आहे तिथेच थांबा.
२ टीबी किंवा ७४६ जीबी: १९८३ चं पार्टिशन टेबल.

तुम्ही म्हणाल, आता एक्सपी कोण टाकतंय? पण माळ्यावर, कपाटात, बंद पडलेल्या मशीनच्या पोटात अशा डिस्क अजून पडून आहेत आणि त्यात कुणाच्या तरी घरातले फोटो आहेत. एखाद्या रविवारी त्या काढून बघायची हुक्की येतेच. तेव्हा डिस्क सरळ आजच्या मशीनला जोडा, फाइली आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या, आणि विंडोजनं "फॉरमॅट करू का?" असं कितीही अदबीनं विचारलं तरी नाही म्हणा.

आणि सोमवारी ऑफिसात एखाद्या टेबलाचा आयडी ३२ बिटांचा ठेवावा की ६४ चा, असा प्रश्न आला, तर त्या एक्सटीवाल्यांची आठवण ठेवा. त्यांनी ८०० पट जागा ठेवली होती. ती बारा-पंधरा वर्षं पुरली.